खुर्चीत बसेल त्याची जागा

— गुडघा? गुडघ्याला काय धाड भरलीय माझ्या! ठणठणीत आहे, हे बघा — दुमडतो, सरळ होतो. कोण म्हणालं तुम्हाला? वाटेत भेटले ना दोघं? उंच, पोक आलेला, नारिंगी जाकीटवाला, आणि पुढं बाई, उगाच घंटी वाजवत? तो माझा दीर, नेव्हिल, आणि ती माझी जाऊ, लॉरेन. काय म्हणाले — खाली जुन्या रेल्वे साइडिंगच्या बाकड्यावर एक म्हातारी बसलीय, गुडघा दुखतोय तिचा, जाता जाता जरा बघा? असं? कोण म्हणालं, तो का ती? — ती. वाटलंच. नेव्हिलच्या मनात आलं असेल पण तोंडातून फुटलं नसेल. बरं आहे, म्हणजे तेवढी तरी काळजी आहे. आता बसा हो, उभे काय राहताय, बाकडं काही माझ्या एकटीचं नाही, आणि सायकल उलटी टाकलीच आहे तुम्ही, म्हणजे पंक्चर काढल्याशिवाय सुटका नाही. मागचं चाक ना? मागचंच असतं. ब्लॅकबेरीचा काटा असणार, वर त्या खिंडीत दोन्हीकडून झाडी वाटेवर आलीय, कुणी छाटत नाही. टायरच्या आतून बोट फिरवा आधी, नाहीतर नवी ट्यूब घालाल आणि तोच काटा पुन्हा आत. डेस असाच करायचा, घाई घाई. डेस म्हणजे माझा नवरा. गेला तो, गेल्या ऑगस्टात, इथल्या ऐन थंडीत. नाही, नाही, तसं तोंड करू नका. सगळे तसंच तोंड करतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढत बसावी लागते.

काम चालू द्या तुमचं, मी आपली बोलते. खाली उतरलात की नदीकाठी कॅम्प लागेल तुम्हाला, मुनारा फ्लॅट, तिथलेच आम्ही. म्हणजे तिथले नव्हे, ईस्टरचे तिथले. लग्न झालं त्याच्या पुढच्या ईस्टरपासून दर ईस्टरला तोच कॅम्प, तीच नदी, तीच माणसं — केस तेवढे पांढरे होत गेले. तेव्हा इथून अजून मालगाडी जायची, लाकडाची. पहाटे तंबूतली जमीन हलायची आणि डेस म्हणायचा, ऊठ, चहाची वेळ झाली. म्हणजे चहा मी करायची वेळ. मग गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले, खालचे लाकडी स्लीपर ज्यानं त्यानं आपापल्या बागेला कुंपण करायला पळवले — आमच्याही बागेत आहेत चार, खोटं कशाला बोलू — आणि मग ही अशी बारीक खडीची वाट केली सायकलींसाठी. बरी आहे. तुम्हाला एक कळलं का, ही वाट चढाची आहे? नाही कळणार, तुम्ही उतरत आलात. आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून चढ असा लांबवर पसरून ठेवलाय की डोळ्याला दिसतच नाही. कॅम्पवरून वर जाताना वाटतं, बाई गं, संपलो आपण, म्हातारपण आलं. आणि परत येताना तीच वाट, तर वाटतं, छे, दम आहे की अजून! दोन्ही खोटं. पण आज सकाळी दर फाटकाला मी थांबत होते ते दमून नव्हे हं. ते वेगळं. सांगते.

आज ईस्टरचा सोमवार ना. आज दुपारी बाराला खुर्ची असते आमच्याकडे. तुम्हाला कसं माहीत असणार — कॅम्पचा एक राखणदार आहे, मर्व्ह, त्याच्याआधी त्याचा बाप होता, त्याचं आपलं एक चालत आलेलं आहे. शेवटच्या दिवशी दुपारी बाराला तो कुत्र्याला घेऊन अख्ख्या कॅम्पची फेरी मारतो. प्रत्येक जागेवर तंबूसमोर एक खुर्ची, खुर्चीत घरातलं कुणीतरी. मर्व्ह थांबतो, विचारतो, "पुन्हा इथंच?" खुर्चीतला म्हणतो, "पुन्हा इथंच." झालं. जागा पुढच्या ईस्टरला तुमची. सही नाही, चिठ्ठी नाही, फोन केलेला चालत नाही. आणि खुर्ची रिकामी दिसली की तो पुढं जातो, जागा मोकळी — मग जो बसेल त्याची. खुर्चीत बसेल त्याची जागा, भांडण नाही, तंटा नाही. एकदा एक कुटुंब बर्फ आणायला म्हणून गावात गेलं, सगळीच्या सगळी, मेली अक्कल गहाण टाकून. तेवढ्यात नदीतून पोहून आलेला एक माणूस टॉवेल नाही म्हणून त्यांच्या खुर्चीत अंग वाळवत बसला. मर्व्हच्या बापानं विचारलं, "पुन्हा इथंच?" त्याला काय माहीत काय विचारतोय, म्हणाला, "हो, छान आहे." अजून त्याच जागेवर येतो तो, आता नातवंडांना घेऊन. आयत्या बिळावर नागोबा! आणि ते बर्फवाले दरवर्षी त्याच्याशी गोड बोलतात, बिअर प्यायला बसतात. नियम म्हणजे नियम. इथली माणसं कर चुकवतील, पण खुर्चीचा नियम नाही मोडणार.

आमची जागा बघितली असतीत ना तुम्ही, तर कळलं असतं. नदीच्या वळणावर, जमीन सपाट, दुपारनंतर सावली, नळ वीस पावलांवर, आणि डोक्यावर रेड गमची फांदी नाही — ती झाडं अवचित फांदी टाकतात, खाली झोपलेला उठत नाही. अख्ख्या कॅम्पचा डोळा त्या जागेवर. डेसनं पहिल्याच वर्षी धरली आणि सोडली नाही. नेव्हिल-लॉरेनची बाजूलाच, तीही बरी. पण त्यांचा मुलगा क्रेग, त्याची बायको टेगन आणि तीन कच्चीबच्ची, त्यांना मिळालीय ती संडासाशेजारची. रात्रभर तो पांढरा दिवा थेट तंबूत, दर पाच मिनिटाला दाराचा धाडकन आवाज, आणि वास — वास तर सांगूच नका. धाकटं रात्रभर रडतं. मला दिसत नाही का? डोळे आहेत मला. आम्हाला मूल नाही. त्या क्रेगला त्या वळणावर पोहायला मी शिकवलंय, पोटाखाली हात धरून. गार पाण्यात माझे ओठ निळे पडायचे, आणि तो म्हणायचा, काकू, हात सोडू नको, हात सोडू नको. सोडला होता कधीच. तरी म्हणायचा.

तर काल सकाळी — पंप करताय ते पुरे नाही हं, अजून दाबा, अंगठ्यानं बघा — काल सकाळी मी न्हाणीघरात होते. तिथल्या शॉवरला बटण आहे, एकदा दाबलं की थोडा वेळ पाणी येतं, मग खटकन बंद, परत दाबायचं. डोक्याला साबण लावला, पाणी बंद झालं, आणि पलीकडे बेसिनपाशी लॉरेन आणि टेगन आल्या, पोरांचे दात घासायला. लॉरेन म्हणत होती, उद्या आम्ही दोघं ग्लेनिसला — ग्लेनिस म्हणजे मी — सायकलीवर घेऊन जातो, वर गॅप गावातल्या बेकरीपर्यंत. सावकाश, रमतगमत. बाराच्या आत काही ती परत येत नाही. क्रेग बसेल खुर्चीत, काकूंची जागा राखतो म्हणून, आणि मर्व्हनं विचारलं की आपल्या नावानं सांगून टाकेल. टेगन म्हणाली, मला नाही बरं वाटत हे, सरळ विचारू या ना त्यांना. तेव्हा लॉरेन म्हणाली — शब्दन् शब्द आठवतो मला — "विचारलंस तर रडेल ती. आणि रडत रडत नाही म्हणेल, मग काय करशील? पुढच्या वर्षी एकटी थोडीच येणार आहे? आणि आलीच तर एकटीचा तंबू कुठंही मावतो." मी आत. डोळ्यात साबण. बटण दाबावं तर खाडकन आवाज होणार, त्यांना कळणार कुणीतरी आहे. नागडी, कुडकुडत, डोळे मिटून उभी राहिले, त्यांच्या तीन पोरांचे दात घासून होईपर्यंत. तिसऱ्याला घासायचेच नव्हते, तो बेसिनला लोंबकळत होता. मी मनात म्हणतेय, घास रे बाबा, घास.

हसा, हसा. मलाही हसू आलं नंतर. लगेच नाही.

मग आज सकाळी न्याहारीला काय थाट! लॉरेननं माझा बन भाजून, लोणी लावून आणून दिला. इतक्या वर्षांत माझ्या हातात कुणी भाजलेला बन दिला नव्हता, मीच भाजायची सगळ्यांचे. नेव्हिलनं माझ्या सायकलच्या सीटवर मेंढीचं कातडं बांधलं, मऊ लागावं म्हणून. आणि क्रेग — क्रेग कढईत बघत म्हणाला, "काकू, जा तुम्ही निवांत. बाराला मी बसतो की खुर्चीत तुमच्या वतीनं." कढईत बघत. कढईत काही नव्हतं हो, अंडी कधीच ताटात गेली होती. मी म्हटलं, बस बाबा. काय म्हणणार? — तुम्ही म्हणाल, कळलं होतं तर निघालातच कशाला? मोठा शहाणा प्रश्न आहे. मीही वाटभर तोच विचारत होते स्वतःला. मला बघायचं होतं. कुणीतरी तोंड उघडतंय का, ते बघायचं होतं. सहा फाटकं लागतात कॅम्पपासून इथवर, गुरांची. प्रत्येक फाटकाला नेव्हिल उतरायचा, माझ्यासाठी धरून ठेवायचा. जन्मात कधी धरलं नव्हतं. प्रत्येक फाटकाला मी मुद्दाम पाय टेकून उभी राहायची, दम लागल्यासारखी, की आता विचारतील. आता. लॉरेन मागून म्हणायची, सावकाश गं ग्लेनिस, घाई कुठंय! म्हणजे घाई नको हेच तर हवं होतं तिला. मी मग वाट करून दिली. म्हटलं, काय गं, पोरं झोपली का रात्री? "हो, छान झोपली." म्हटलं, ती आमची जागा, आता माझ्या एकटीला मोठीच पडते नाही? — एवढं म्हटलं, तोंडात घास घातला तिच्या! तर म्हणते काय, "अय्या, ते बघ, पोपट!" पोपट! या खोऱ्यात पोपट म्हणजे काय नवलाई आहे? चिमण्यांसारखे जिकडे तिकडे आहेत.

लॉरेन वाईट नाही हो. गोगलगाय अन् पोटात पाय, असं कुणी म्हणेल, पण तसंही नाही तिचं. डेस हॉस्पिटलात होता तेव्हा रोज डबा आणायची, माझे कपडे धुऊन न्यायची. नातवंडांसाठी करतेय, दुसऱ्या कुणासाठी नाही. आणि खरं सांगू? मागितली असती तर दिली असती. हसत दिली असती. नळासकट दिली असती, वर ताडपत्री दिली असती डेसची, नवीकोरी आहे. "काकू, पोरांना झोप येत नाही, ती जागा द्या" — आहे काय त्यात? एका वाक्याचं काम. पण ते वाक्य माझ्याशी बोलायचं नाही, ते एकमेकांत बोलायचं आणि मला बन भाजून द्यायचा. रडेल म्हणे! नवरा गेला तेव्हा रडले मी, जागेसाठी कशाला रडू? पण आता सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की ही काचेची झाली, हिच्याजवळ हळू बोला, हिला काही विचारू नका. गेल्या थंडीपासून मला कुणी काही विचारतच नाही. चहा घेणार का विचारत नाहीत, हातात कपच देतात. मी मनुका घातलेला केक खात नाही, कधीच खाल्ला नाही. गेल्या आठ महिन्यांत आठ तरी खाल्ले असतील.

— थांबा, चेन त्या दात्यावर नाही, बारक्यावर. हं.

आणि आता तुम्हाला वाटेल, जागा हवीय हिला. मला ती जागा नकोय. बघा, हे मी कुणाजवळ बोलले नाही, आणि तुम्ही कोण कुठले, नावही माहीत नाही, म्हणून बोलते. मला ती जागा कधीच नको होती. कॅम्प म्हणजे काय असतं ठाऊक आहे? घरचंच काम, फक्त नळ लांब. सुट्टी त्यांची, चूल माझी. आठवडाभर आधीपासून डबे भरा, पांघरुणं झटका, ट्रेलर भरा — डेसच्या क्रमानं, वेगळ्या क्रमानं भरला तर उतरवून परत भरायचा. तिथं गेलं की धुरात स्वयंपाक, गार पाण्यात भांडी, पाठ जमिनीला लागून लाकूड झालेली. आणि तो शेकोटीशी बसून सगळ्यांना सांगणार, इथं आलं की ग्लेनिसला बरं वाटतं. सगळे मान डोलावणार. आता गेल्यावर तर काय, मेल्या म्हशीला मणभर दूध — डेससारखा माणूस नाही, डेससारखा नवरा नाही. चांगला होता हो. खरंच चांगला होता. माझ्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, पगार आणून हातात दिला. पण एकदा मी म्हटलं होतं, एक ईस्टर समुद्रावर जाऊ या का? एखादी खोली घेऊन, दाराला कडी असलेली, दुसऱ्यानं धुतलेला टॉवेल. तर म्हणाला, "पाणी इथंही आहे की." विनोदानं म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. परत नाही काढला विषय.

आणि दर ईस्टरच्या सोमवारी, बाराला, तो खुर्चीत पाय पसरून बसायचा. मी त्याच्या पाठीमागं, गुडघ्यावर, कप वर्तमानपत्रात गुंडाळत. मर्व्ह यायचा. "पुन्हा इथंच?" "पुन्हा इथंच." मी दर वर्षी वाट बघायची — वेड्यासारखी, हो — की तो उत्तर द्यायच्या आधी एकदा मागं वळेल. म्हणेल, काय गं, यायचं ना पुढच्या वर्षी? एवढंच. मी हो म्हटलं असतं, हो! नाही म्हणायची छाती नव्हती माझी. पण विचारावं तरी. नाही वळला कधी. त्याला वाटलंच नाही की वळायला मागं काही आहे. चांगला माणूस, आणि वाटलंच नाही.

म्हणून या वर्षी मी आले. एकटीनं ट्रेलर भरला, माझ्या क्रमानं. सगळ्यांना वाटलं, डेसच्या आठवणीसाठी आली बिचारी. मी आले खुर्चीसाठी. म्हटलं, एकदा आपण बसावं, एकदा मर्व्हनं माझ्या तोंडाकडं बघून विचारावं. घरी आरशापुढं म्हणून बघितलं मी, लाज वाटते सांगायला. "इथं नको." असं. "नको, मर्व्ह. बस झालं." दोनच शब्द, पण ते म्हणायला या वयाचं व्हावं लागलं. आणि तेच नेमकं — जागा राहू दे, जागा घेऊन जा — तेच माझ्या हातून काढून घेतायत ही, मेंढीचं कातडं बांधून.

ही रडत नाहीये मी. ऊन आहे डोळ्यावर. पाणी आहे तुमच्याकडं? द्या थोडं. — थँक्यू.

इथवर आले आणि सहाव्या फाटकानंतर मी सोडून दिलं. दमले. पायांनी नव्हे, वाट बघून. म्हटलं, तुम्ही जा वर, माझा गुडघा धरलाय, येताना मला घेऊन जा. नेव्हिल म्हणाला, मी थांबतो तिच्याजवळ. लॉरेननं घड्याळ बघितलं, मग त्याच्याकडं बघितलं, आणि तो गप चढला सायकलवर. जाताना म्हणते, तुझ्यासाठी व्हॅनिला स्लाइस आणते हं, मोठी बघून. मनात आलं, बरं झालं, मनुकांचा केक तरी नाही. मग बसले इथं. म्हटलं, वाजू देत बारा. बसू दे क्रेगला. एकटीनं नदीत उभं राहून किती झगडायचं, वाहू दे. आणि बसल्या बसल्या बरं वाटलं हो. कुणी नाही, चहा नाही, भांडी नाही. प्लॅटफॉर्मची ही कड तेवढी उरलीय, गवतात. गाडी येणार नाही हे ठाऊक असलेल्या स्टेशनावर बसायला बरं वाटतं, घाई नसते. तेवढ्यात तुम्ही आलात, गुडघा विचारत.

वाजले किती? — किती? अजून इतकेच? माझं घड्याळ तंबूत राहिलं, मला वाटलं बारा होऊन गेले असतील. सकाळी इतका वेळ लागला इथवर यायला की… पण तो चढ होता. आणि मी दर फाटकाला थांबत होते, तोंड वासून. आता उताराला… थांबा, बोलू नका, हिशेब करू द्या. उताराला नाही लागत तेवढा. फाटकं स्वतः उघडायची. पोचेन. बाराच्या आत पोचेन मी.

क्रेग बसलेला असेल खुर्चीत. ऊठ म्हणेन. नाही, ऊठ बाळा म्हणेन. सगळ्या कॅम्पसमोर पोराची मान खाली कशाला घालू? त्यानं थोडंच रचलंय. तो उठेल, तांबडा होईल कानापर्यंत, लहानपणापासून होतो. मी बसेन. कप नाही गुंडाळणार, काही नाही, पाय पसरून बसेन. मर्व्ह येईल, विचारेल. मी म्हणेन, "इथं नको, मर्व्ह. ही जागा मी क्रेगला देतेय." देतेय! कळलं का फरक? तीच जागा, तोच क्रेग, तीच पोरं तिथं झोपणार, संध्याकाळपर्यंत बघणाऱ्याला काही वेगळं दिसणार पण नाही. पण त्यांनी घेतलेली नसेल, मी दिलेली असेल. लॉरेन आणू दे मग स्लाइस. खाईन की, आवडते मला स्लाइस.

झालं तुमचं चाक बसवून? वा. छान बसलंय. चालवून बघा. नाही, माझ्याबरोबर येऊ नका, मला सोबत नको, सकाळपासून सोबतच आहे. तुम्ही इथं थोडा वेळ बसा, बन घ्या हा, कागदात आहे, लॉरेननं बांधून दिला होता वाटेसाठी. आणि ते दोघं परत आले, तर सांगा, गुडघा बरा झाला म्हणावं तिचा, गेली पुढं. एवढंच सांगा. बाकी काही बोलू नका, काय? माझी सायकल धरा जरा, मला पाय टाकू द्या. हे मेंढीचं कातडं सरकतंय. हेल्मेट. हं. सोडू नका अजून.

— काय? काय म्हणालात?

पुढच्या ईस्टरला? म्हणजे — जागा दिली, मग मी स्वतः कुठं जाणार ते? सोप्पं आहे, मी…

मी…

नाही, थांबा. एवढं बोलले मी तुमच्याशी, आणि हे — हे मला कुणी विचारलंच नव्हतं अजून. मीसुद्धा नाही.

सोडा. सोडा ते हँडल. उशीर होतोय मला.